शुक्राखाली चंद्र, डोक्यावर गुरू: सिल्लारीची एक रात्र

नागपूरला दादाकडे जायचं ठरलं, तेव्हा तिकीट काढण्याआधी मी भिंतीवरचं कालनिर्णय उघडलं. २९ जानेवारी २०२५ ला मौनी अमावस्या होती. म्हणजे १ फेब्रुवारीच्या शनिवारी चंद्र कोरीचाच असणार आणि रात्री नवाच्या सुमारास मावळणार. त्याच दिवशी माघी गणेश जयंती. वहिनीला देवदर्शन, भाच्याला जंगल आणि मला अंधार, असं तिघांचंही भागत होतं. दादाला फक्त गाडी चालवायची होती.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपवर ‘ग्रहांच्या परेड’चा महापूर आला होता. सहा ग्रह माळेत ओवल्यासारखे एका रांगेत उभे असलेली चित्रं फिरत होती, खाली ‘शेकडो वर्षांतून एकदाच’ वगैरे मजकूर. यातलं खरं एवढंच, की त्या दिवसांत शनी, शुक्र, गुरू आणि मंगळ हे चार ग्रह संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी एकाच वेळी दिसत होते. युरेनस आणि नेपच्यूनही आकाशात होते, पण नेपच्यून दुर्बिणीशिवाय कुणालाच दिसत नाही. आणि रांगेचं म्हणाल, तर ग्रह नेहमीच साधारण एका रेषेवर असतात. सूर्य, चंद्र, ग्रह सगळे क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वर्षभराच्या वाटेच्या, आसपासच फिरतात, तिथून पळून जाणार कुठे! शहरात ती रेषा कळत नाही, कारण मधले तारे पुसले गेलेले असतात. मला ती रेषा पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत सलग बघायची होती. त्यासाठी पेंच.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. भारतातलं हे पहिलंच. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड खाली जमिनीकडेच पडेल असे बसवले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दिव्याचा जो उजेड वर आभाळात जातो तो कुणाच्याच कामाचा नसतो, आणि तारे तोच खातो.

शनिवारी दुपारी निघालो. डिकीत नागपूरच्या मैत्रिणीकडून उसनी आणलेली सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण होती. साध्या भाषेत सांगायचं तर एक जाडजूड नळकांडं आणि त्याखाली फिरता लाकडी पाट. वहिनीने आधीच जाहीर केलं होतं की तिच्या पायाखाली ते सामान येता कामा नये. दादा म्हणाला, “एवढं काय घेऊन राहिली तू? वाघ पाहाले जातात लोक तिथं.” रेडिओवर दिवसभर बजेट चालू होतं. बारा लाखांपर्यंत आयकर नाही, हे ऐकून दादाचा मूड कन्हानपर्यंत तरी फारच चांगला होता.

मनसरहून रामटेकला वळलो आणि अठराभुजा गणपतीचं दर्शन घेतलं. गणेश जयंतीची गर्दी, त्यामुळे रांगेत बराच वेळ गेला. गडावर जायचं मग राहूनच गेलं. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं मानणारे पुष्कळ आहेत. पायथ्याशी संत्र्यांचे ढीग लागले होते. फेब्रुवारीत येणारी ही संत्री मृग बहाराची. जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, पाऊस सुरू होतो, झाडं फुलतात आणि ती फळं उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतात. विदर्भातला शेतकरी मृग बहार आणि आंबिया बहार रोज म्हणतो. ज्या मृगाच्या नावाने त्याची बाग फुलते, तो फेब्रुवारीत संध्याकाळी त्याच्याच डोक्यावर येतो. आम्ही दोन किलो घेतली. सालं काढायचं काम भाच्याकडे.

पुढे महामार्गाने पवनीपर्यंत आणि तिथून डावीकडे सिल्लारी. रस्ता अरुंद होत गेला, सागाची झाडं जवळ आली. मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकेपर्यंत सूर्य मावळला होता. आवारामागे एक मोकळं मैदान होतं. तिथे आमच्यासोबत गावातलाच एक वाटाड्या येणार होता, कारण संध्याकाळनंतर एकट्याने इकडेतिकडे फिरायचं नाही हा इथला नियम. वहिनीने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “वाघ इथपर्यंत येतो का हो?”

“येते ना जी कधी कधी,” तो अगदी सहज म्हणाला. वहिनी त्या क्षणापासून खुर्ची घेऊन आमच्या बरोबर मधोमध बसली.

अजून संधिप्रकाश होता, तरी शुक्र पेटल्यासारखा चमकत होता. १० जानेवारीला तो आपल्या आकाशात सूर्यापासून सर्वात लांब दिसला होता आणि आता दिवसेंदिवस आणखी तेजस्वी होत होता. त्याच्या खाली, किंचित डावीकडे, दोन-तीन बोटांच्या अंतरावर चंद्राची कोर. कोरीच्या आत चंद्राचा उरलेला गोल राखाडी, अंधुक पण पूर्ण दिसत होता. भाच्याने विचारलं, “आत्या, तिथे तर ऊन नाही, मग दिसतो कसा?” पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश चंद्राच्या काळोख्या भागावर पडतो. त्या वेळी चंद्रावर उभं राहून कुणी पाहिलं तर त्याला आपली पृथ्वी जवळजवळ पौर्णिमेची दिसेल. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. तो एरवी गप्प बसत नाही.

चंद्राच्या आणखी खाली, झाडांच्या शेंड्यांवर, शनी. पिवळट, मंद, मावळायच्या घाईत. म्हणून दुर्बीण आधी त्याच्याकडे वळवली. कडी बघायला आतुर झालेल्या दादाला एक गोळा आणि त्याला आरपार गेलेली बारीक रेघ दिसली. “कडी कुठं आहेत?” तीच तर कडी! सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत दोनदा ती आपल्याला कडेवरून दिसतात आणि जवळपास नाहीशी होतात. मागे २००९ मध्ये तसं झालं होतं, त्यानंतर २३ मार्च २०२५ ला. पुस्तकातला टोपीवाला शनी पाहायला आलेल्याला हे निराशाजनक वाटणार. मला मात्र ती रेघच जास्त आवडली. एवढा लांब-रुंद पसारा आणि जाडी इतकी कमी की कडेवरून बघितला तर हरवूनच जातो, हे चित्रात पाहून कधी पटत नाही.

मग शुक्र. दुर्बिणीतून तो गोल दिसत नाही, अर्ध्याहून कमी उजळलेला फाकेसारखा तुकडा दिसतो. शेजारी चंद्रही तसाच एका बाजूने उजळलेला आणि दोघांच्या उजळ कडा एकाच दिशेला, मावळलेल्या सूर्याकडे. गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा पुरावा त्याला मिळाला, हे शाळेत पाठ केलं होतं. इथे दुर्बीण जराशी सरकवून दोन्ही कोरी लागोपाठ पाहिल्यावर वेगळं समजवावं लागलं नाही. वहिनीसुद्धा उठून आली, दोनदा बघून गेली.

साडेसातनंतर आकाश भरायला लागलं. टॉर्चना आम्ही लाल जिलेटीनचा कागद लावून आणला होता. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोताने ती मेहनत वाया जाते. दादाला दोनदा फोन आला, दोनदा वाटाड्या म्हणाला, “साहेब, तिकडे तोंड करून बोला जी.” लांब कुठेतरी रातवा टक्‌टक्‌ करत होता.

शुक्राच्या उजवीकडे भाद्रपदांचा मोठा चौकोन होता. पूर्वा भाद्रपदांचे दोन तारे, उत्तरा भाद्रपदांचे दोन. त्या दिवशी कालनिर्णयात चंद्र नक्षत्र ‘पूर्वा भाद्रपदा’ छापलेलं होतं. मी भाच्याला चंद्र दाखवला, चौकोनाची खालची बाजू दाखवली आणि म्हटलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे लिहिलंय ते हे. उद्या चंद्र इथून साधारण तेरा अंश वर सरकलेला असेल. सत्तावीस नक्षत्रांत वाटलेलं ३६० अंशांचं वर्तुळ आणि चंद्राची रोजची चाल, दोन्हींचं माप जवळपास तेच. पंचांग हे मुहूर्त काढायचं पुस्तक आहे असं आपण धरून चालतो. त्यातला निम्मा मजकूर तर उघड्या डोळ्यांनी तपासून बघता येतो, फक्त शहराबाहेर जावं लागतं. शनी पूर्वा भाद्रपदांत, गुरू रोहिणीत, मंगळ पुनर्वसूत, एकेक करून सगळं जुळवलं. भविष्य सांगणाऱ्यांनी या आकाशाला इतकं वापरलं की आपण ते वर बघायचंच सोडून दिलं, ही माझी जुनी तक्रार आहे. ती इथे आवरती घेते.

आठच्या सुमारास गंमत झाली. गुरू बरोबर डोक्यावर आला. त्या दिवशी गुरूची क्रांती, म्हणजे त्याचे आकाशातले अक्षांश, आणि सिल्लारीचे अक्षांश जवळपास सारखे, एकवीस अंशांच्या पुढे. त्यामुळे मान पूर्ण मागे टाकली तरच दिसणार. डॉब्सोनियनचं नळकांडं सरळ उभं केलं की तिला वळवायला काही धरच मिळत नाही. पाट थोडा फिरवावा तर गुरू भलतीकडे जातो. जमिनीवर गुडघे टेकून बऱ्याच कसरतीनंतर तो सापडला. पट्टे असलेला चपटा गोल आणि दोन्ही अंगांना एका ओळीत त्याचे चंद्र, १६१० साली गॅलिलिओने टिपून ठेवले होते तेच. नुसत्या डोळ्यांनी बघताना गुरूजवळची तांबूस रोहिणी आणि पलीकडे कृत्तिकांचा पुंजका, हे मला दुर्बिणीतल्या दृश्याइतकंच देखणं वाटलं.

पूर्वेला मंगळ, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. १६ जानेवारीला तो आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, पृथ्वीपासून सुमारे ९.६ कोटी किलोमीटरवर, म्हणून अजून चांगलाच नारिंगी आणि ठळक होता. दुर्बिणीत मात्र हरभऱ्याएवढीही मजा नाही. पुन्हा असा सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईल तो फेब्रुवारी २०२७ मध्ये.

मृगाकडे बोट दाखवून मी भाच्याला व्याध, बाण, हरणाचे चार पाय सांगत होते, तेवढ्यात वाटाड्या म्हणाला, “आमच्यात याले नांगर म्हणतात.” तो गोंड होता. बाणाचे तीन तारे आणि त्याखालची छोटी ओळ त्याने हवेत बोटाने जोडून दाखवली, आणि खरंच नांगर. सप्तर्षी म्हणजे म्हातारीचं खाटलं, शेपटातले तीन तारे म्हणजे ते चोरायला आलेले चोर. ते ईशान्येला दहानंतर नीट वर येतील, तेव्हा दाखवतो म्हणाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना मयंक वाहिया यांनी गणेश हलकारे यांच्यासोबत विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानावर संशोधन केलं आहे, त्यात नांगर आणि खाट दोन्ही येतात, हे मला ठाऊक होतं. पण छापील वाचणं आणि नांगर धरलेल्या हाताने दाखवलेलं बघणं यात फरक आहे. हरणाची गोष्ट मी तिथेच थांबवली. भाच्याला चोरांची जास्त आवडली.

नांगराच्या त्या छोट्या ओळीच्या मधोमध एक धुरकट ठिपका आहे. दुर्बिणीत तो पसरलेला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळलेला ढग, होतो आणि त्याच्या पोटात चार बारीक तारे अगदी खेटून दिसतात. हे तारे नुकतेच जन्मलेले, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने नुकतेच. तेराशे प्रकाशवर्षांहून लांब. थंडीने नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, दव धरायला लागलं होतं, सारखं पुसावं लागत होतं.

नवाच्या सुमारास चंद्र झाडांत गेला, पाठोपाठ शुक्र. एवढ्याशा कोरीचा तो काय उजेड, असं वाटत होतं, पण ती गेल्यावर आकाशाचा पोतच बदलला. मृगापासून वर ब्रह्महृदय या ताऱ्याकडे जाणारा आकाशगंगेचा फिकट पट्टा उठून आला. वायव्येला देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा, तिरप्या डागासारखी. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आणि तो बघायला भिंग लागत नाही! दक्षिणेला मात्र क्षितिजावर पिवळसर उजेडाची साय होती. तिकडे रामटेक, मनसर आणि त्यांच्या मागे नागपूर. अगस्त्याचा तारा दक्षिणेला फार वर येत नाही, इथून जेमतेम पंधरा-सोळा अंश, म्हणजे तो त्या सायीच्या वरच्या काठाशीच. दिवे बदललेली चार गावं आपल्यापुरतं करू शकतात, साठ-सत्तर किलोमीटरवरच्या शहराचं काय करणार?

दहानंतर खाटलं वर आलं, चोरांसकट. मग कुठेतरी चितळ ओरडलं, वाटाड्याने कान टवकारले आणि वहिनीने सभा बरखास्त केली.

९ तारखेला चंद्र मंगळाच्या अगदी शेजारी होता. दादाचा नागपूरहून गच्चीवरून फोन आला, “दिसून राहिला ना, स्पष्ट! दुर्बीण केवढ्याची येते सांग बरं.” मी म्हटलं, आधी ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांची छोटी दुर्बीण, घे. गुरूचे चंद्र, कृत्तिका, देवयानी सगळं त्यात येतं, आणि मुख्य म्हणजे वहिनीच्या पायाखाली येत नाही.