हे कट का नाही केलं?
ड्रमर निक मेसनच्या हातातून ड्रमस्टिक निसटली, आणि त्याने लगेच दुसरी उचलून वाजवणं चालूच ठेवलं, ठेका जराही हलला नाही! पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं, इटलीतल्या पॉम्पेईचं रेकॉर्डिंग लावलं होतं आज. शेजारी बसलेली भाची पटकन म्हणाली, "मामा, हे कट का नाही केलं त्यांनी?"

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

१९७१ च्या ऑक्टोबरमधलं शूटिंग आहे ते. जुनं रोमन अँफिथिएटर, भर दिवसाचं ऊन, आणि समोर प्रेक्षकच नाहीत, फक्त कॅमेरे, क्रू आणि दगडी पायऱ्या. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, कोणी सोबत गात नाही, तरी चौघं इतके बुडून वाजवतात की बघताना आपण श्वास रोखून धरतो. आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नुसते हात हलवायचे नाहीत, तिथेच खरं वाजवायचं, हा बँडचाच आग्रह होता. मग स्टिक निसटणारच ना कधीतरी!

हल्लीचे कितीतरी लाइव्ह व्हिडिओ इतके घासूनपुसून येतात, प्रत्येक सूर नंतर जागेवर बसवलेला, की समोर माणूस वाजवतोय हेच जाणवत नाही. मला तर पॉम्पेईच्या त्या गाण्यात सगळ्यात जास्त स्टिक निसटते तीच जागा आवडते, दरवेळी तिची वाट बघतो.

२०१६ मध्ये बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर तिथे परत वाजवायला गेला, तेव्हा समोर प्रेक्षक होते. तेही सुंदरच आहे, पण मन या रिकाम्या पायऱ्यांवरच जास्त रमतं.

तुमच्या आवडत्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे का अशी एखादी न कापलेली जागा?