ओळखपरेड

गळ टाकून बसलेला माणूस शेजाऱ्याशी बोलत नाही. आवाजाने मासा पळतो म्हणे. पण कुणाच्या गळाला कधी न पाहिलेला मासा आला, की सगळे आपापल्या काठ्या दगडाखाली दाबून गोळा होतात. आणि पुण्यात चार माणसं जमली की 'मला नाही माहीत' असं त्यातलं कुणीच म्हणत नाही.

होळकर पुलाच्या अलीकडे एका कॉलेजच्या पोराला असाच एक मासा मिळाला. काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, हाताला खरखरीत. गळ तोंडात नव्हताच, पराला अडकला होता. एक म्हणाला, मगरीचं पिल्लू. दुसऱ्याने तो विषारी ठरवला. तिसऱ्याने आधी सेल्फी काढला. आमच्यातले भोईआळीतले काका मात्र खाली बसले, काडीने मासा उलटा केला आणि म्हणाले, "तोंड बघा की कुठंय ते."

तोंड खाली होतं, गोल, चिकटून बसायला केलेलं. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्या. म्हणजे सकर. माशांच्या दुकानात टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून विकतात तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत बोटाएवढा असताना गोड वाटतो, वाढला की मालक रात्री नदीत सोडून येतात आणि वर जीवदान दिल्याचं समाधान घेतात. हा पोटातूनही हवा घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ मरत नाही. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. मोठा झाल्यावर त्याला गिळायची छाती फारशा कुणाची होत नाही.

काकांची पद्धत मला पटते. आपण आधी रंग बघतो, आणि रंग तर पाण्यागणिक बदलतो. तोंड वर वळलेलं आणि डोकं अवाढव्य असेल तर कटला. जाड, झालरीचे ओठ असतील तर रोहू. मिशा किती, पाठीवरचा पर कुठून कुठपर्यंत, शेपटीआधी एखादा मऊ बिनकाट्याचा पर आहे का, हे बघावं. अंगावरची आडवी रेघ मध्येच तुटून खालून पुन्हा सुरू होत असेल आणि पाठीच्या परात काटे असतील, तर ती बहुधा चिलापी. फोटो काढायचाच तर पर पसरून, बाजूने काढावा. आपण काढतो तो माशापेक्षा स्वतःचाच असतो.

चिलापी निघाली की मात्र समिती बसत नाही, ती थेट पिशवीत. आपलीच ना ती! ही 'आपली' चिलापी आफ्रिकेची, भारतात आली 1952 साली. पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून कुठेही टिकते. रोहू-कटला तरी कुठले इथले? गंगेकडचे, धरणांत बीज सोडून वाढवलेले.

आणि इथले कोण? विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यात आपला दख्खनी महसीर आहे, तोही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला. सोनेरी झाक, तळहातात मोजके मावतील असे मोठे खवले, मिशांच्या दोन जोड्या. त्याच यादीत नुक्ता आहे. त्याच्या नाकाडावर चक्क शिंगासारखा उंचवटा असतो आणि कृष्णेच्या खोऱ्याबाहेर तो सापडत नाही. भीमा त्याच खोऱ्यातली, म्हणजे मुळा-मुठाही.

हे मी तिथेच मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि मोबाइलवर महसीरचा फोटो दाखवला. त्या पोराने तो मोठा करून पाहिला. म्हणाला, "भारी आहे! थायलंडचा का?"

काका खोखो हसले. "अरे, हा आमच्या आज्यानं खाल्लाय!"

सकर एव्हाना तासभर गवतात पडून होता आणि अजून कल्ले हलवत होता. पोरगं त्याला परत पाण्यात सोडायला उठलं, तर काकांनी मनगट धरलं. मग पुढची अर्धी संध्याकाळ त्या माशाचं करायचं काय, यावर वाद झाला. त्यात एकाने सांगितलं की त्याच्या मेहुण्याकडे मोठी टाकी आहे.