चर कोरडा, शेजारी पाणी

चर ८० सेंटिमीटर खोल, तळाशी जेमतेम बोटभर पाणी. तिथून ५ मीटरवर भोक पाडून छिद्रांची नळी बसवली, तर तिच्यात पाणी जमिनीखाली अवघ्या २० सेंटिमीटरवर. चर खणून बरीच वर्षं झाली होती, वाट कुठे तुंबलेली नव्हती. मग पाणी चराकडे सरकत का नाही, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता.

जमीन पीटची, म्हणजे स्फॅग्नम जातीच्या शेवाळाच्या अर्धवट कुजलेल्या थरांपासून झालेली. रोपवाटिकेत पीट मॉस म्हणून पिशवीत भरून येतं, ते याच शेवाळाचं. इथे ओढ्याचं किंवा झऱ्याचं पाणी पोचत नाही, येतं ते फक्त पावसाचं. शेवाळ टोकाकडून वाढत राहतं आणि बुडाकडून मरत जातं. मेलेला भाग पाण्याखाली, हवेविना राहतो, म्हणून नीट कुजत नाही आणि वर्षाला साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी थर चढतो. म्हणजे १ मीटर खाली गेलात की निदान हजारभर वर्षं मागे गेलात.

वरचे ३० सेंटिमीटर आम्ही दातेरी सुरीने कापून काढले. इथे नमुना घ्यायचं साधं कडं ठोकून बसवलं की तंतू दबतात, घनता खोटी जास्त येते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. त्याखाली अर्धगोल कप्प्याचं गिरमिट वापरलं. ते बंद अवस्थेत खाली दाबायचं आणि हव्या त्या खोलीवर अर्धा वेढा फिरवायचं. कप्पा बाजूने कापत भरतो, नमुना दाबला जात नाही. एका वेळी ५० सेंटिमीटरचा तुकडा निघतो.

मग मूठ पिळायची. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांची ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे, तरी अजूनही शेतात हिच्याइतकं झटपट काही नाही. १ ते १० असे कुजण्याचे दर्जे, १ म्हणजे अजिबात न कुजलेलं, १० म्हणजे पूर्ण कुजलेलं. २५ सेंटिमीटरवरच्या मुठीतून जवळजवळ नितळ, किंचित पिवळसर पाणी आलं. हातात राहिली ती स्पंजासारखी चोथ्याची गोळी, शेवाळाची पानं अजून ओळखू येणारी. दर्जा २. ७० सेंटिमीटरवरची मूठ पिळली तेव्हा गर्द तपकिरी लगदा बोटांमधून निसटला, जवळपास एकतृतीयांश. दर्जा ६. नमुना गिरमिटातून निघाला तेव्हा फिकट तपकिरी होता, हवा लागताच काही मिनिटांत काळपट पडला. सडक्या अंड्याचा वासही होता. १८० सेंटिमीटरवर बर्चची एक काडी मिळाली, सालीची पांढरी चमक तशीच.

उत्तर त्या दुसऱ्या मुठीतच होतं. वरच्या सैल थरातून पाणी भराभर वाहतं. खालच्या कुजलेल्या थरात पोकळ्या इतक्या बारीक होतात की पाणी वाहण्याचा वेग सेकंदाला मीटरच्या एक कोटीव्या भागापर्यंत उतरतो, तोही मीटरमागे मीटरभर उतार मिळाला तर. इथे ५ मीटरमागे उतार ६० सेंटिमीटर. हिशेब केला तर १ चौरस मीटर तोंडातून दिवसाला सुमारे १ लिटर पाणी झिरपतं. त्याच ५ मीटरच्या पट्ट्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर चराच्या दर मीटर लांबीमागे ५ लिटर पाणी येतं. चर हरणारच.

प्रयोगशाळेत वरच्या थराचं १ लिटर पीट ९८२ ग्रॅम भरलं. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं, उरलं ८२ ग्रॅम. म्हणजे ९०० ग्रॅम पाणी, कोरड्या वजनाच्या जवळपास अकरापट. शेवाळाच्या पानात रिकाम्या, मेलेल्या, छिद्रं असलेल्या पेशी असतात, त्यांत हे पाणी भरलेलं असतं. ५५० अंशांच्या भट्टीतून २ ग्रॅम राख निघाली. वाळू नाही, चिकणमाती नाही. सामू, म्हणजे पीएच, ओल्याच नमुन्याचा घेतला, कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात: ३.६. शेवाळ पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात हायड्रोजन सोडतं, त्यामुळे इतका आंबटपणा. वाळलेल्या चुऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा वर बसून राहिला. एकदा पूर्ण वाळलेलं पीट पूर्वीइतकं पाणी पुन्हा धरत नाही.

इथे एक चूक फार महागात पडते. माती परीक्षणाचा आकडा किलोमागे येतो, पण मुळं किलोत नव्हे तर घनफळात पसरतात. हेक्टरी २० सेंटिमीटर थर म्हणजे २,००० घनमीटर. साध्या मातीचं त्याचं वजन सुमारे २,६०० टन, या पीटचं १६० टन. अहवालात कॅल्शियम किलोमागे ५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर साध्या मातीत ते १,३०० किलो, इथे ८० किलो. म्हणून अहवाल हातात पडला की आधी घनता विचारायची, मग चुन्याचा डोस ठरवायचा. आणि सामू साडेपाचाच्या वर न्यायचं कारणही नाही. खनिज मातीत मुळांना बाधणारं ॲल्युमिनियम इथे नगण्य असतं.

चर जवळजवळ घेतले तर निचरा होईल, असं एकाने सुचवलं. होईल, पण जमीन बसेल. आधी पाणी गेल्याने दबते, मग हवा शिरल्याने कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. इंग्लंडच्या होम फेनमध्ये १८५१ च्या सुमारास जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर वर उघडा आहे. जमीन बसली की चर उथळ होतो, पुन्हा खोल करावा लागतो, आणि जमीन पुन्हा बसते.

आम्ही उलट सल्ला दिला: चरात ठिकठिकाणी आडवे बांध घालून पाणी अडवा. बांधासाठी वरचं तंतुमय पीट घेऊ नका, त्यातून पाणी गळतं. मुठीतून निसटणारं ते खालचं काळं पीटच घ्या, ओलं असतानाच. आधी चराच्या तळातला सैल गाळ काढा आणि दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच पाडा, नाहीतर पाणी बगलेने वाट काढतं. लागोपाठच्या दोन बांधांतल्या पाण्यात १० ते २० सेंटिमीटरहून जास्त फरक पडू देऊ नका. बांधाचा माथा जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच ठेवा, कारण तो बसतोच, आणि वाळू नये म्हणून वर जिवंत शेवाळाचे तुकडे लावा.