हेमिसच्या चित्रीकरणासाठी लेहला : केस, बॅटऱ्या आणि सामानाची ने-आण

लडाखमधील हेमिस मठातील त्सेचू उत्सवाचे चित्रीकरण करण्यासाठी जूनच्या अखेरीस आम्ही दोघे पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला गेलो आणि उत्सवानंतर खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात दोन दिवस काढून परतलो. सामानात एक कॅमकॉर्डर, एक मिररलेस कॅमेरा, तीन लेन्स, बिनतारी मायक्रोफोनचे दोन संच, फ्लुइड हेडचा (कॅमेरा संथपणे फिरवणाऱ्या डोक्याचा) ट्रायपॉड आणि बॅटऱ्या एवढा ऐवज होता. ड्रोन मुद्दाम घरी ठेवला. सीमावर्ती भागात त्याच्या परवानगीसाठी खटपट करण्याइतका वेळ आमच्याकडे नव्हता. उत्सवाचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून येथे केवळ सामान कसे नेले आणि त्यात कोठे चुकलो, एवढेच लिहितो.

केस निवडताना आमची पहिली चूक अशी झाली की आम्ही मजबुतीपासून सुरुवात केली. देशांतर्गत विमानांत बहुधा माणशी ७ किलोची एक केबिन बॅग चालते आणि तिची मापे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या आत असावी लागतात. पेलिकन १५१० ही चाकांची केस या मापात जेमतेम बसते, किंबहुना काटेकोर मोजले तर लांबीला थोडी जास्तच भरते. परंतु फोमसह तिचे स्वतःचेच वजन सुमारे ६ किलो असल्यामुळे नियम पाळायचा झाल्यास आत किलोभर सामानच राहते, म्हणजे आपण तिकीट काढून रिकामी पेटी फिरवायची. मित्राकडून आणलेली ती केस बॅगा मोजण्याच्या हुकाच्या काट्यावर टांगल्यावर हे आमच्या ध्यानात आले आणि ती आम्ही परत केली. त्याऐवजी कॅमेरे, लेन्स, कार्डे व सर्व बॅटऱ्या दोन मऊ पाठपिशव्यांत विभागून केबिनमध्ये नेल्या आणि चार्जर, केबल, मायक्रोफोनचे स्टँड, दिवा अशा मार सोसणाऱ्या वस्तू एका मध्यम आकाराच्या हार्ड केसमध्ये घालून चेक-इन केल्या. चेक-इनसाठी माणशी १५ किलोच मिळत असल्याने केसचे वजन तेथेही मोजावेच लागते. सामान्य समज याच्या उलट असतो: महाग वस्तू हार्ड केसमध्ये, म्हणून ती केस विमानाच्या पोटात. माझ्या मते हार्ड केस ही नजरेआड जाणाऱ्या सामानासाठी असते आणि कॅमेरा मुळात नजरेआड जाऊच नये.

ट्रायपॉड चेक-इनमध्येच द्यावा. हेड पायांपासून वेगळे करून कपड्यांत गुंडाळावे, त्याचे ड्रॅग (फिरण्याला होणारा अडसर) व लॉक सैल ठेवावेत, म्हणजे धक्का बसल्यास दांडा वाकण्याऐवजी हेड फिरते. पाय आम्ही जुन्या योगा मॅटमध्ये गुंडाळून साध्या डफल बॅगेत टाकले आणि ते निर्धोक पोहोचले. ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर व चाकू असलेले पक्कडीचे हत्यार केबिनच्या बॅगेत राहणार नाही, हे निघण्यापूर्वी एकदा खिसे उलटे करून पाहावे. मी पाहिले नाही, आणि पुण्याच्या तपासणीतच एक चांगला स्क्रू ड्रायव्हर गमावला.

बॅटऱ्यांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये अजिबात देता येत नाहीत. त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या (वॅट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप) बॅटऱ्या नेता येतात, १०० ते १६० वॅट-तासांच्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीच्या संमतीने, आणि त्याहून मोठी प्रवासी विमानात चालत नाही. बॅटरीवर वॅट-तास छापलेले नसतील, तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा: १४.४ व्होल्ट व ६.८ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ९८, आणि व्ही-माउंट बॅटऱ्या (कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या) बहुधा ९८ किंवा ९९ वॅट-तासांच्या का मिळतात, याचे उत्तरही येथेच आहे. मात्र हा गुणाकार तुम्ही तोंडी सांगून भागत नाही. अक्षरे वाचता आली पाहिजेत. आमच्या एका बॅटरीवरील लेबल घासून पुसट झाले होते आणि तिच्यापायी परतीच्या प्रवासात लेहला वीस मिनिटे खोळंबा झाला. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी आणि सगळ्या पिशव्या एकाच कप्प्यात, वरच्या बाजूला असाव्यात, म्हणजे तपासणीच्या वेळी पूर्ण बॅग विस्कटावी लागत नाही.

हेमिस लेहपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. छाम हे लामांचे मुखवटा नृत्य मठाच्या अंगणात होते, गर्दी दाट असते आणि तेथे हार्ड केस केवळ लोकांच्या पायांत येते. आम्ही ती गाडीतच ठेवली व खांद्याच्या पिशवीवर काम केले. धुळीमुळे अंगणात लेन्स बदलायची नाही, असे सकाळीच ठरवून दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स लावून बसलो.

रात्री चित्रफिती कार्डांवरून डिस्कवर उतरवून घेण्याबाबत एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते, आणि म्हणूनच अशा बहुतेक डिस्कसाठी उत्पादक वापराची कमाल उंची ३,००० मीटरच्या आसपास देतात. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. त्यामुळे तेथे एसएसडीच, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कच, वापराव्यात. आम्ही दोन नेल्या होत्या आणि त्या आम्हा दोघांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत राहिल्या.

खारदुंग ला सुमारे ५,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वेफर्सची पाकिटे फुग्यासारखी टम्म होतात, हे लडाखला गेलेला प्रत्येक जण सांगतो. तीच गोष्ट हवाबंद केसला लागू पडते, हे मात्र आम्हाला नुब्रा खोऱ्यातील हुंदरला पोहोचल्यावर उमगले. खिंडीत दिवा काढून परत ठेवताना आम्ही केस घट्ट बंद केली, आणि सुमारे ३,१०० मीटरवरील हुंदरला तिच्या कड्या सुटल्या तरी झाकण हलेना. आत खिंडीतील विरळ हवा आणि बाहेर खोऱ्यातील दाट हवा, असा तो प्रकार होता. ४० × ३० सेंटिमीटरच्या झाकणावर हवेच्या दाबातील एवढ्या फरकाने दीडशे किलोंहून अधिक भार येतो. आमचे यजमान पाना घेऊन आले होते, तेवढ्यात सहकाऱ्याला केसच्या दांड्याजवळचा छोटा स्क्रू दिसला. तो सैल करताच सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि झाकण अलगद उघडले. काही केसना असा हाताने फिरवायचा झडप-स्क्रू असतो, तर काहींना हवेची ये-जा होऊ देणारी पण पाणी अडवणारी स्वयंचलित झडप असते. उंचीवर जाणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारची केस घ्यावी. पहिल्या प्रकारची असल्यास विमानात व घाटात स्क्रू सैल ठेवावा. कोणतीही झडप नसलेली केस स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

रस्त्यावर धक्क्यांपेक्षा सततची थरथर अधिक त्रास देते. दुसऱ्या दिवसअखेर ट्रायपॉडच्या प्लेटचा आणि मायक्रोफोनच्या पकडीचा, असे दोन स्क्रू सैल झालेले आढळले, म्हणून रोज संध्याकाळी सर्व स्क्रूंवरून हात फिरवावा. लेन्स कॅमेऱ्यावर चढवलेल्या स्थितीत प्रवास करू नये, कारण थरथरीचा सारा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स जोडण्याच्या कड्यावर, येतो. कॅमेऱ्याची पिशवी टपावर किंवा डिकीत न ठेवता मागच्या सीटवर, दोन माणसांच्या मधे ठेवावी. फोमबद्दलही येथेच सांगतो: चौकोनी तुकडे तोडून आकार देण्याचा फोम एकदा तोडला की दुसऱ्या कॅमेऱ्याला उपयोगी पडत नाही आणि त्याचा भुगा लेन्सवर बसतो. वेल्क्रोचे हलते कप्पे दिसायला कमी रुबाबदार असले, तरी प्रवासात तेच सोयीचे ठरले.

विमा काढताना प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक यादीत घालावा आणि उभ्या, निर्जन गाडीतून झालेली चोरी भरून मिळते का, हे आधी वाचून घ्यावे. अनेक पॉलिसींत ती वगळलेली असते.

परतलो तेव्हा पुण्यात पाऊस लागला होता. लडाखच्या कोरड्या हवेत सामानाला काही झाले नाही. बुरशीची भीती खरी घरी असते. केस आणि पिशव्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तासभर बंद ठेवल्या, मग सर्व सामान बाहेर काढून फोम उन्हाच्या आशेने खिडकीत टाकला आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवल्या. हार्ड केस सध्या माळ्यावर आहे, रिकामी, आणि तिचा स्क्रू सैल आहे.