पहिली ट्रायथलॉन पुरी झाली!

७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. याला स्प्रिंट म्हणतात, ऑलिम्पिकवाली याच्या दुप्पट. वर्षभरापूर्वी मला पोहताही येत नव्हतं.

पाण्यात पहिली दोन मिनिटं छातीत धडधड. कुणाचा पाय लागला, नाकात पाणी गेलं. उताणी झाले, श्वास जागेवर आणला, मग निघाले. बाहेर आल्यावर ओल्या पायांत मोजे काही केल्या चढेनात. हा वेळही शर्यतीतच धरतात. आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम.

सायकल मात्र माझी! पावसाळाभर पहाटे हिंडलग्यावरून उचगावच्या दिशेने जातेय, त्याचं आज चीज झालं.

खरी परीक्षा सायकलवरून उतरल्यावर. पाय अजून पॅडलच मारत होते, पोटऱ्या दगड झालेल्या. तिसऱ्या किलोमीटरला थांबणारच होते. तेवढ्यात रस्त्याकडेला दुधाची किटली घेऊन उभ्या एक आजी ओरडल्या, "पळ गे बाय, पळ!" ओळख ना पाळख. डोळे भरून आले आणि पाय चालू झाले.

शेवटच्या वळणावर अण्णा उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त टॉवेल पुढे केला. तो अजून माझ्या खांद्यावर आहे.