परसातल्या चेस्टनटची रिकामी बोंडे

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या परसात आधीच्या मालकांनी लावलेले चेस्टनटचे, म्हणजे काटेरी बोंडांत भाजून खायचे दाणे धरणारे, एक डेरेदार झाड आहे. दर ऑक्टोबरमध्ये त्याखाली धोत्र्याच्या बोंडांहूनही काटेरी बोंडांचा सडा पडे, पण हातमोजे घालून ती उकलली की आत चपट्या, पोकळ टरफलांखेरीज काही निघत नसे. एका रोपवाटिकेतून मिळालेल्या सल्ल्यानुसार मी दोन वर्षे इमानेइतबारे खत घातले. झाड फोफावले, बोंडे रिकामीच राहिली.

मग झाडाची जात ओळखण्यापासून सुरुवात केली. हॉर्स चेस्टनट हे नव्हे, इतके लगेच कळले, कारण विषारी बियांच्या त्या झाडाची पाने सातवीणीची आठवण व्हावी अशी पंजाच्या आकाराची असतात, आणि आमची एकेकटी, लांबट व करवती कडांची आहेत. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात प्रथम लक्षात आलेल्या बुरशीने पुढच्या अर्धशतकात अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडे संपवली. त्यांतलेच एखादे आपल्याकडे तगले असावे, अशी वेडी आशा मला होती. ती एका पानाने मोडली. अमेरिकन जातीचे पान पातळ आणि मागून गुळगुळीत असते, तर आमचे जाड, वरून तुकतुकीत आणि खालून पांढुरक्या लवीचे निघाले. झाड चिनी होते.

चेस्टनटच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात, तरी स्वतःच्या परागाने सहसा दाणा भरत नाही; दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो न मिळताही बोंड मात्र वाढत राहते. मी फसलो तो इथेच. जूनच्या अखेरीस एका स्नेह्यांच्या चेस्टनटचे नरफुलांचे पिवळट तुरे कागदी पिशवीतून आणले. मादी फूल शोधायला चष्मा लागला: डहाळीच्या टोकाकडच्या तुऱ्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढे हिरवे बोंडुक आणि त्यावर पांढुरक्या सुयांचा झुबका. सुया बाहेर फाकलेल्या दिसल्या, तेव्हा शिडीवर चढून, लाल भोपळ्याच्या मादीफुलावर नरफूल टेकवावे तसा, एकेका झुबक्यावर तुरा अलगद घासला आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधला. त्या तुऱ्यांचा उग्र वास मात्र सदऱ्याला दोन दिवस होता.

दोरा बांधलेल्या ३१ बोंडांपैकी १९ भरली. शिडी न पोचलेल्या फांद्यांवरची सगळी पोकळच होती. निम्मे दाणे खारींनी पळवले, उरलेल्यांना सुरीने फुली मारून ते भाजले, कारण चीर न देता भाजल्यास ते फुटून उडतात. दरवर्षी शिडी चढणे मला झेपणारे नाही, म्हणून स्नेह्यांकडच्या बियांची दोन रोपे कुंपणालगत लावली आहेत. त्यांना फुलोरा यायला पाच-सहा वर्षे तरी जातील.