सारंगखेड्याचा भूतबंगला आणि काळोखातली गाडी

सारंगखेड्याच्या मार्गशीर्षातल्या यात्रेला लोक जातात ते घोडे बघायला. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोडेबाजार, मधे शेवभाजी आणि रात्री तमाशाचा फड. दोंडाईचापर्यंत रेल्वे, पुढे काळी-पिवळी. तिच्यात माणसं कशी कोंबतात ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. घोड्यांवर चिक्कार लिहून झालंय, ते मी सोडतो. पाळण्यांच्या आणि मौत का कुआँच्या पलीकडे पत्र्याचा भूतबंगला उभा होता. त्याच्याबद्दल कोणी धड लिहीत नाही, याचा मला राग आहे.

दर्शनी बाजूला राक्षसाचा जबडा, प्लायवूडचे दात, आणि डोळे दिपतील असा हॅलोजनचा झोत. हा झोत नुसता गिऱ्हाईक ओढायला नसतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आतला फेरा जेमतेम तीन मिनिटांचा. एवढ्या उजेडातून आत गेलेला माणूस पहिला मिनिटभर आंधळाच असतो. म्हणून दारातून शिरताच जाड काळा पडदा आणि लगेच काटकोनात वळण ठेवतात. बाहेरचा उजेड वळणाला अडतो. इथे ते वळण बरोबर होतं. बांधणारा जाणकार होता.

घोटाळा पुढच्या खोलीत झाला. तिथे काळी ट्यूब लावली होती, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अतिनील उजेड. त्यात चमकत्या रंगाने रंगवलेले सांगाडे तेवढे पेटून दिसावेत आणि भिंती नाहीशा व्हाव्यात, अशी योजना. पण आमच्या पुढे शहाद्याकडचे चार म्हातारे होते. धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरंशुभ्र. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते नेमकं अतिनील उजेडातच निळसर चमकतं. त्या चार टोप्या भुतांपेक्षा झगझगीत दिसत होत्या. मागची पोरं सांगाड्यांकडे बघेनात, टोप्यांना बघून किंचाळायला लागली. बाहेर रांगेत यातल्याच एकाने तिकीटवाल्या पोराला विचारलं होतं, "मझार (आत) काय शे रे भाऊ?" आणि पोरगं म्हणालं होतं, "भूत शे आबा, पन तुमले काई करावं नई." खरंच काही केलं नाही, उलट आबांनीच भुताचं काम केलं.

सांगाडे फिके पडायला दुसरंही कारण होतं. चमकता रंग उजेडाने आणि धुळीने लवकर मरतो, वरचेवर नवा हात द्यावा लागतो. काळी ट्यूबही जुनी झाली की जांभळी दिसत राहते, पण तिच्यातलं अतिनील कमी झालेलं असतं, त्यामुळे बदलायची वेळ कळत नाही. स्वस्त जांभळ्या एलईडी पट्ट्या त्याहून वाईट. त्यांचा दिसणारा उजेडच इतका की कापडाची शिवणसुद्धा दिसते.

सकाळी ताडपत्री वर टाकून दुरुस्ती चालली होती, तेव्हा आतलं सामान नीट बघता आलं. पेटीतून उठणारा सांगाडा हवेच्या सिलिंडरवर, म्हणजे हवेच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्यावर चालतो. पंक्चरच्या दुकानात असतो तसला कॉम्प्रेसर, त्यातून नळी, मधे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. कारागिराने आधी टाकीच्या बुडाचा कॉक उघडला. फसकन हवा आणि तांबूस पाणी बाहेर आलं. हवा दाबून साठवली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन बसते, आणि तापीकाठची हवा दमट असली की ते जास्तच. रोज सोडलं नाही तर ते व्हॉल्व्हमध्ये जातं, आणि मग सांगाडा उठतो तो कंटाळल्यासारखा, अर्ध्यातच थांबतो. नंतर त्याने फळीखालचा लिमिट स्विच पुसला. फळीवर पाय पडला की स्विच दाबला जातो. घोड्यांच्या टापांची धूळ त्या फटीत बसली की पाय पडूनही भूत झोपलेलंच. व्हॉल्व्हचा फुसकारा मात्र तसाच राहिला होता. तो आधी ऐकू आला की माणूस सावध होतो. त्याच्या तोंडाला पितळी सायलेन्सर बसवला की काम भागतं, पण तो नव्हता.

एवढं करूनही चालत जायच्या भूतबंगल्यात एक खोट उरतेच. माणसं आपल्या चालीने चालतात. एक थबकतो, दुसरा पळतो, तिसरा मोबाइलची बॅटरी लावतो. शेवटच्याला तर हात जोडावेसे वाटतात. त्याच्या एका बोटाने सगळ्यांचा सरावत आलेला डोळा पुन्हा पहिल्यावर येतो.

यावर उतारा म्हणजे गाडी. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या केनीवूडला 1901 साली ओल्ड मिल सुरू झाली. तिच्यात काळोख्या कालव्यातून होडी जाते. असा कालवा बांधणं महाग. न्यू जर्सीतल्या एका छोट्या बागेचा चालक लिऑन कॅसिडी याला तो परवडेना, म्हणून त्याने 1928 मध्ये जमिनीवर एकच रूळ टाकून विजेची गाडी काळोखात सोडली. नाव प्रेटझेल, म्हणजे पीळ घातलेलं खारं बिस्किट. एकाच रुळामुळे छोट्याशा खोलीत घड्याच घड्या घालता येतात. इतक्या तीव्र वळणावर गाडी कलंडू नये म्हणून तिच्या बगलेला प्रेटझेलच्या आकाराचं ओतीव लोखंडाचं वजनदार चिन्ह लावायचे. दोन वर्षांनी, 1930 मध्ये, इंग्लंडात ब्लॅकपूलला याच जातीची घोस्ट ट्रेन आली.

गाडीचा वेग ठरलेला, म्हणून हिशेब जमतो. गाडी सेकंदाला एक मीटर जात असेल आणि बाहुलीला उठायला अर्धा सेकंद लागत असेल, तर चाकाने दाबायची पट्टी ठरल्या जागेच्या अर्धा मीटर अलीकडे ठेवायची. गाडी थेट बंद दारावर आदळते आणि दार उघडतं, ही युक्तीही गाडीशिवाय जमत नाही. चालणारा माणूस दार हाताने ढकलेल.

डिस्नीलँडलाही हे पटायला वेळ लागला. तिथल्या हाँटेड मॅन्शनची इमारत 1963 मध्ये बाहेरून तयार होती. आत लोकांनी चालत फिरावं असा सुरुवातीचा बेत होता, पण गर्दी त्यात मावणार नव्हती. अखेर 1969 मध्ये ते उघडलं ते साखळीसारख्या न थांबणाऱ्या गाड्या घालून. ती गाडी तुम्हाला वळवून हवं तिकडेच तोंड करते. मागचं आणि बाजूचं दिसतच नाही. नाचणारी भुतं मोठ्या काचेवर पडलेली प्रतिबिंबं आहेत. जॉन पेपरने 1862 मध्ये लंडनला लोकप्रिय केलेली ती युक्ती, आणि काच न दिसण्यासाठी बघणाऱ्याची जागा पक्की लागते. चालणाऱ्या गर्दीपुढे ती टिकली नसती.

यात्रेच्या ट्रकमधून रूळ आणि गाड्या न्यायच्या, आठ-दहा दिवसांसाठी बसवायच्या, पुन्हा काढायच्या, हे परवडत नाही हे मलाही कळतं. पण आत एका वेळी सहा-सातच सोडले आणि मोबाइल दारात ठेवून घेतले, तर फुकटात निम्मं काम होईल. तिकीटवाल्याला सुचवलं, तर त्याने रांगेकडे नुसता हात केला. रांग पाळण्यापर्यंत गेली होती.

जाणारच असाल तर तमाशा सुरू झाल्यावर जा, तेव्हा गर्दी तिकडे वळते. गडद कपडे घाला. आणि आत पहिला नंबर धरू नका: फळी पहिल्याच्या पायाने दाबली जाते, सांगाडा उठेस्तोवर तो पुढे गेलेला असतो आणि तोंडावर येतो तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या.